झेनचे वर्तुळ आणि दहावे चित्र

इ.स. १२२३ साली दोगेन नावाचा २३ वर्षांचा जपानी भिक्षू समुद्र ओलांडून चीनमध्ये आला. त्याच वर्षी तो आजच्या निंगबो शहराजवळच्या एका डोंगरावरील विहारात गेला. डोंगराचे नाव आयुवांग. चिनी उच्चारामुळे चटकन ओळखू येत नाही, पण हे नाव आपल्या सम्राट अशोकाचे आहे. अशोकाने ८४ हजार स्तूप बांधले अशी आख्यायिका आहे, त्यांपैकी एक इथे असल्याची तिथली श्रद्धा. या विहाराच्या पडवीत तेहतीस धर्मगुरूंची चित्रे रंगवलेली होती. त्यांत एका जागी माणूस नव्हताच. नुसते एक वर्तुळ होते.

पहिल्या खेपेस दोगेनला त्याचा उलगडा झाला नाही. दोन वर्षांनी, १२२५ च्या उन्हाळ्यात, तो पुन्हा तिथे आला तेव्हा पाहुण्यांची व्यवस्था बघणारा एक भिक्षू त्याच्यासोबत चालत होता. हे काय आहे, असे दोगेनने विचारले. नागार्जुनाने पूर्णचंद्राचे रूप घेतले ते हे, असे उत्तर मिळाले. दोगेन म्हणाला, मग ही चित्रातली तांदळाची वडीच झाली म्हणायची. म्हणजे दिसायला वडी, खायला काही नाही. सोबतचा भिक्षू मोठ्याने हसला, पण त्याला काही कळले आहे असे दोगेनला वाटले नाही. पुढे १२४१ मध्ये ‘बुद्धस्वभाव’ या प्रकरणात त्याने हा सगळा प्रसंग लिहून ठेवला.

ज्या वर्तुळाला जपानीत ‘एन्सो’ म्हणतात आणि जे आज चहाच्या कपावर, योगवर्गाच्या फलकावर, मोबाईलमधल्या ध्यानाच्या ॲपवर दिसते, त्याच्यावरची ही एक जुनी आणि परखड टीका आहे. ती बाहेरच्या कुणी केलेली नाही, जपानमधल्या सोतो झेन पंथाचा जो संस्थापक मानला जातो त्याने केली आहे. चित्राबद्दल साशंक असणे ही काही केवळ आम्हा मुसलमानांची मक्तेदारी नाही, हे वाचून मला जरा बरे वाटले.

दोगेनचा मुद्दा नीट समजून घ्यायला हवा. झेन परंपरेतली कथा अशी की नागार्जुन दक्षिण भारतात प्रवचन करत असताना श्रोत्यांना त्याचे शरीर दिसेनासे झाले, फक्त आवाज ऐकू येत राहिला आणि आसनावर पूर्णचंद्रासारखे काही दिसू लागले. एका शिष्याने, काणदेवाने, त्याचा अर्थ ओळखला. (नागार्जुनाचा जन्म विदर्भातला, असे तिबेटी परंपरा सांगते आणि रामटेकच्या परिसराशीही त्याचे नाव जोडले जाते. त्यामुळे ही कथा वाटते तितकी परकी नाही.) दोगेन म्हणतो, नागार्जुन आसनावरून उठून कुठे गेला नव्हता. बसलेला माणूस हाच चंद्र होता. मग चित्रकाराने बसलेला माणूस काढायला हवा होता. माणूस पुसून वर्तुळ काढले की मूळ गोष्टच हातची जाते.

वर्तुळ ही खूण दोगेनच्या आधी साडेचारशे वर्षे चीनमध्ये चालत आलेली होती. तिची सुरुवात परंपरेने नानयांग हुईझोंग या गुरूकडे दिली जाते. तांग राजवटीत त्याला ‘राष्ट्रगुरू’ म्हणत. ७७५ मध्ये तो वारला. त्याच्या परंपरेतून ९७ वर्तुळाकृतींचे एक पुस्तक यांगशान हुईजी (८०७–८८३) याच्या हाती आले. यांगशानने ते एकदा वाचले आणि जाळून टाकले. देणारा गुरू चकित झाला, तेव्हा यांगशानने सगळ्या आकृती आठवणीतून पुन्हा लिहून दिल्या. कथा कितपत खरी, हा भाग वेगळा. खुणेचा उपयोग झाला की खूण टाकून द्यायची, ही वृत्ती मात्र तिच्यात स्वच्छ दिसते.

हुईझोंगच्याच भेटीला निघालेल्या तिघांची कथा याहून मजेदार आहे. वाटेत नानछुआनने जमिनीवर एक वर्तुळ काढले आणि सोबत्यांना म्हणाला, काहीतरी बोला, मगच पुढे जाऊ. एक जण वर्तुळात जाऊन बसला. दुसऱ्याने बायका करतात तसा लवून नमस्कार केला. नानछुआन म्हणाला, असे असेल तर मग जायलाच नको. इथे वर्तुळ हा शोभेचा आकार नाही, शांतीचे प्रतीकही नाही. मातीत बोटाने किंवा काठीने काढलेला तो प्रश्न आहे आणि समोरच्याने त्याला शरीराने उत्तर द्यायचे आहे.

इथे ‘शून्य’ या शब्दाविषयी थोडे सांगणे भाग आहे. नागार्जुनाच्या ‘शून्यते’साठी चिनी अनुवादकांनी जो शब्द घेतला त्याचा एक अर्थ आकाश असाही होतो. तेच शून्य गणिताच्या वाटेने पश्चिमेला गेले तेव्हा अरबांनी त्याचे ‘सिफ्र’ केले, म्हणजे रिकामे. सिफ्रचे युरोपात ‘झीरो’ झाले आणि ‘सायफर’ही झाले. एकच भारतीय शब्द पूर्वेकडे भिक्षूंच्या झोळीतून गेला आणि पश्चिमेकडे मुसलमान गणितींच्या पाटीवरून. मात्र म्हणून एन्सो म्हणजे गणितातले शून्य, असे समीकरण मांडू नये. समाजमाध्यमांवर ते सर्रास मांडले जाते. दोन्ही आकार गोल आहेत, एवढ्यावर इतिहास लिहिता येत नाही.

बाराव्या शतकात कुओआन या चिनी गुरूने दहा चित्रांची एक मालिका केली. गुराखी हरवलेला बैल शोधतो, त्याच्या पावलांचे ठसे पाहतो, बैल दिसतो, तो त्याला पकडतो, माणसाळवतो, त्याच्या पाठीवर बसून घरी येतो. सातव्या चित्रात बैल विसरला जातो. आठव्या चित्रात बैलही नाही आणि गुराखीही नाही, नुसते रिकामे वर्तुळ. बैल म्हणजे मन, हे वेगळे सांगायला नकोच.

कुओआनच्या आधीही अशा मालिका होत्या आणि त्या रिकाम्या वर्तुळावर संपत. कुओआनला तो शेवट पटला नाही. त्याने पुढे दोन चित्रे जोडली. नवव्यात झाड, पाणी, फुले आपल्या जागी परत येतात. दहाव्यात एक अनवाणी, पोट सुटलेला, हसरा माणूस हात मोकळे सोडून बाजारात येतो. दारूच्या गुत्त्यात आणि मासळीच्या दुकानात बसणाऱ्यांमध्ये तो मिसळतो. वाटेत त्याला एक पोरगा भेटतो, कदाचित दुसरा गुराखी. क्योतोच्या शोकोकुजी मंदिरात या मालिकेची पंधराव्या शतकातली प्रत आहे. ती शूबून या चित्रकाराची मानली जाते. छापील कॅलेंडरांवर आणि दिवाणखान्यांत मात्र आठवे चित्रच गेले. दहावे मागे राहिले.

तसव्वुफशी थोडीफार ओळख असलेल्या वाचकाला इथे काही आठवल्याशिवाय राहणार नाही. बगदादचे जुनैद (मृत्यू ९१०) यांनी ‘फना’वर, म्हणजे स्वतःच्या विरून जाण्यावर थांबू नका, असे बजावले होते. त्यानंतरची शुद्ध, माणसांत परतण्याची अवस्था ते वरची मानत. सोळाव्या शतकातले चिश्ती सूफी अब्दुल कुद्दूस गंगोही यांचे मेराजविषयीचे एक वचन अल्लामा इक्बालांनी आपल्या व्याख्यानांत घेतले आहे. पैगंबर साहेब त्या उंचीवर जाऊन परत आले, मी असतो तर परतलो नसतो, असा त्याचा आशय. इक्बालांनी यावरून सूफीची जाण आणि पैगंबरांची जाण यांतला फरक मांडला. सूफीला मुक्कामावरच राहावेसे वाटते, पैगंबर परत येतात आणि इतिहासात हात घालतात. कुओआनचे दहावे चित्र याच प्रश्नाशी झुंजते आहे. याचा अर्थ शून्यता आणि फना एकच आहेत, असा मी काढत नाही. एकीकडे ज्याच्यात विरायचे तो अल्लाह आहे, दुसरीकडे असा कुणी मानलेलाच नाही. हा फरक लहान नाही आणि गोड बोलून तो पुसणे दोन्ही परंपरांवर अन्याय आहे. पण परतण्याचा प्रश्न दोघांनाही पडला, एवढे नक्की.

आता कागदावरच्या एन्सोकडे वळू. काजळी आणि प्राण्यांच्या सरसापासून केलेली शाईची वडी दगडावर पाण्यात उगाळायची, जाड कुंचला भिजवायचा आणि हात न उचलता एक फेरा मारायचा. कागद शाई लगेच पितो, त्यामुळे दुरुस्तीला जागा नाही. सुरुवातीला शाई दाट उतरते, शेवटी कुंचला कोरडा पडून केसांच्या रेघा उठतात. कुणी टोके जुळवतो, कुणी फट ठेवतो. काढणाऱ्याची घाई, भीती, दिखावा, सगळे तिथेच वाळून राहते.

आपल्या खत्तातांकडेही एक वर्तुळ आहे, पण ते दिसत नाही. अब्बासी वजीर इब्न मुक्ला (८८६–९४०) याने अक्षरांचे प्रमाण ठरवताना बोरूच्या टोकाने उमटणारा चौकोनी नुक्ता हे माप धरले. त्या नुक्त्यांनी अलिफची उंची मोजली आणि अलिफला व्यास मानून वर्तुळ कल्पिले. रे, नून यांसारखी वळणे त्या वर्तुळाचे तुकडे. राजकारणात त्याचा उजवा हात तोडला गेला आणि तुटक्या हाताला बोरू बांधून तो लिहीत राहिला, असे सांगतात. इथे वर्तुळ मोजून घेतले जाते आणि लपवले जाते, त्याच्या जिवावर शब्द उभा राहतो. झेनमध्ये शब्द गळून पडतो आणि न मोजलेले वर्तुळ उरते. मला ही तुलना साम्यापेक्षा फरकासाठी जास्त मोलाची वाटते.

हे दोन्ही जग एकाच माणसात भेटलेले पाहायचे असेल तर तोशिहिको इझुत्सू (१९१४–१९९३) यांच्याकडे पाहावे. त्यांचे वडील झेन साधक. ते लहानग्या इझुत्सूंना कागदावर ‘मन’ हे अक्षर लिहून देत आणि त्याच्याकडे टक लावून बघायला सांगत. मग ते अक्षर विसर आणि मनातले मन बघ, म्हणत. याच मुलाने मोठेपणी अरबीतून थेट जपानीत कुरआनचा पहिला अनुवाद केला (१९५७–५८). सूफी विचार आणि ताओ मत यांवर त्यांचा ग्रंथ आहे. झेनच्या तत्त्वज्ञानावरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९७७ साली तेहरानमध्ये प्रसिद्ध झाले. १९७९ च्या क्रांतीपर्यंत ते तिथेच शिकवत होते.

एन्सो काढणाऱ्यांत माझा आवडता माणूस सेंगाई गिबोन (१७५०–१८३७). हाकाताच्या शोफुकुजी या जुन्या झेन मंदिराचा तो प्रमुख होता आणि निवृत्तीनंतर मनमुराद चित्रे काढत बसला. एका एन्सोशेजारी त्याने लिहिले आहे की हे खाऊन टाका आणि वर चहा घ्या. म्हणजे तुम्ही ज्याच्यापुढे गंभीर होऊन उभे आहात ते वर्तुळ नाही, सारण भरलेली गोड वडी आहे. दोगेनने चित्रातल्या वडीला नावे ठेवली होती, सेंगाईने तीच बशीत घालून पुढे केली. (दोगेननेही नंतर, १२४२ मध्ये, चित्रातल्या वडीवर स्वतंत्र प्रकरण लिहून तिची बाजू घेतली. झेनवाले आपल्या मतावर फार काळ बसून राहत नाहीत.) लोक चित्रासाठी कागद घेऊन येत राहिले तेव्हा सेंगाईने वैतागून विचारले की माझी झोपडी काय शौचकूप आहे, जो येतो तो कागद ठेवून जातो?

सेंगाईच्या चित्रांचा सर्वांत मोठा संग्रह टोकियोच्या इदेमित्सू कला संग्रहालयाचा आहे. साझो इदेमित्सूने विद्यार्थी असताना, १९ व्या वर्षी सेंगाईचे पहिले चित्र घेतले. त्यात चंद्राकडे बोट दाखवणारा ढेरपोट्या होतेई आहे, दहाव्या चित्रातल्या त्या बाजारी माणसाचा भाऊच. इदेमित्सू पुढे तेलाचा व्यापारी झाला. १९५१ मध्ये इराणने तेलाचे राष्ट्रीयीकरण केले, ब्रिटनने नाकेबंदी केली आणि मोसद्दिकांचे सरकार एकटे पडले. १९५३ मध्ये या इदेमित्सूने आपले ‘निश्शो मारू’ हे जहाज गुपचूप आबादानला पाठवून इराणी तेल विकत आणले. ब्रिटिश कंपनी टोकियोच्या न्यायालयात गेली आणि हरली. त्यात त्याचा धंदा होता, हे उघड आहे. तरी बाजारातल्या झेनचे हे उदाहरण मला अनेक उपदेशांपेक्षा बोलके वाटते.

बाजारात जाण्याला दुसरी बाजूही आहे. नाकाहारा नान्तेन्बो (१८३९–१९२५) हा एन्सोसाठी आणि धसमुसळ्या, शाई उडवणाऱ्या कुंचल्यासाठी गाजलेला गुरू. सेनापती नोगी मारेसुके त्याच्याकडे झेनचे शिक्षण घेत असे. १९०४–०५ च्या रशिया-जपान युद्धात पोर्ट आर्थरच्या टेकड्यांवर याच नोगीने हजारो शिपाई तटबंदीवर लोटले. त्याची दोन्ही मुलेही त्या युद्धात गेली. पुढच्या युद्धांतही अनेक झेन मठांनी सैन्याला आशीर्वाद दिले. मी नाही, तू नाही, मारणारा नाही, मरणारा नाही, ही भाषा रिकाम्या वर्तुळातून सहज निघते. दहाव्या चित्रातल्या माणसाचे हात रिकामे आहेत. ते तपशील म्हणून सोडून दिले तर आठव्या चित्रातून तलवारही बाहेर येऊ शकते.

नान्तेन्बोचीच अक्षरे पाहून जिरो योशिहारा (१९०५–१९७२) प्रभावित झाला. हाही तेलाचाच व्यापारी, पण खाद्यतेलाचा. १९५४ मध्ये त्याने आशियात ‘गुताई’ हा बंडखोर चित्रकारांचा गट उभा केला (हे आशिया ओसाकाजवळचे गाव). साठच्या दशकात तो वर्तुळेच रंगवू लागला. त्याची वर्तुळे एका फटक्यात झालेली वाटतात, पण ती तशी नाहीत. त्याने ती तैलरंगात, ॲक्रिलिकमध्ये, सावकाश, कडा पुन्हा पुन्हा सावरत केली. काही कॅनव्हासवर तर वर्तुळ काढलेलेच नाही, भोवतीची काळी जमीन रंगवत नेली आणि आतला पांढरा गोल उरला. मला ही लबाडी वाटत नाही. उत्स्फूर्ततेचे जे देव्हारे माजले होते, त्याला दिलेले ते शांत उत्तर आहे.

रचनाकारांनी या आकाराचे काय केले? क्योतोच्या गेन्कोआन मंदिरात शेजारी शेजारी दोन खिडक्या आहेत. गोल खिडकीला बोधाची म्हणतात, चौकोनीला भ्रमाची. दोन्हींतून बाग तीच दिसते. माथ्यावरचे छत फुशिमी किल्ल्याच्या फळ्यांचे आहे. १६०० साली तिथे मेलेल्या सैनिकांच्या रक्ताचे डाग त्यांवर अजून आहेत. बोधाच्या खिडकीसमोर बसलेल्याने मान वर केली की हे दिसते. दुसरीकडे १९९६ मध्ये अमेरिकेतली ल्युसेंट ही दूरसंचार कंपनी लाल रंगात हाताने काढलेले वर्तुळ बोधचिन्ह म्हणून घेऊन आली. एन्सोशी त्याची तुलना झाली, तशीच कॉफीच्या कपाच्या डागाशीही. दहा वर्षांत कंपनी दुसरीत विलीन झाली.

राहिली रोजच्या जगण्यातली सजगता, म्हणजे ‘माइंडफुलनेस’. हा इंग्रजी शब्द पाली ‘सति’साठी १८८१ मध्ये ऱ्हिस डेव्हिड्स यांनी रूढ केला. सति म्हणजे स्मृती. आपल्याकडचा ‘जिक्र’ही मुळात आठवणच आहे. दोन्ही शब्दांत डोके रिकामे करण्यापेक्षा काही विसरू न देण्यावर भर आहे. १९७९ मध्ये जॉन कबाट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या वैद्यकीय महाविद्यालयात ताणमुक्तीचा अभ्यासक्रम सुरू केला. दुखण्याने पिचलेल्या रुग्णांसाठी तो होता आणि त्याने अनेकांना आधार दिला, हे मान्यच करावे लागेल. पुढे कंपन्यांनी तो घेतला. कामाचे तास तेच, वरिष्ठ तेच, फक्त कर्मचाऱ्याने दहा मिनिटे श्वासाकडे बघायचे. भिंतीवर अर्थातच वर्तुळ. आमच्याकडेही काही निराळे नाही. सूफी संगीताच्या रात्री तिकीट काढून भरतात, आणि ज्या खानकाहांत भुकेल्याला जात न विचारता लंगर वाढला जाई त्यांची आठवण त्या रात्री कुणी काढत नाही.

व्हिएतनामी झेन भिक्षू थिक न्हात हान्ह (१९२६–२०२२) उतारवयात खूप एन्सो काढत. वर्तुळाच्या आत किंवा शेजारी चार-दोन शब्द. चहा पिता पिता थोडा चहा ते शाईतही मिसळत. ही वर्तुळे आज जगभर विकली जातात. सजगतेवरचे त्यांचे जे पुस्तक सर्वांत जास्त वाचले जाते, ते मुळात १९७४ मध्ये हद्दपारीत लिहिलेले एक लांब पत्र होते. ते सायगोनच्या त्यांनीच उभारलेल्या समाजसेवा शाळेतल्या एका सहकाऱ्याला लिहिलेले होते. त्या शाळेतले तरुण बॉम्बने उद्ध्वस्त झालेल्या खेड्यांत जाऊन घरे पुन्हा बांधत, शाळा आणि दवाखाने चालवत. दोन्ही बाजू त्यांच्यावर शत्रूचे हस्तक असल्याचा संशय घेत. त्यांच्यातल्या काहींना गोळ्या घातल्या गेल्या होत्या. भांडी घासताना भांडीच घासावीत, हा त्या पत्रातला सल्ला आता स्वयंपाकघरात टांगायच्या पाट्यांवर छापून येतो. तो उद्या सकाळी पुन्हा त्याच खेड्यात जायचे असलेल्या माणसांना दिलेला होता.